आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा : यजमान नगराची तयारी आणि आपला वाटा

एसटीच्या निमआराम गाडीस आपल्याकडील जुने प्रवासी आजही ‘एशियाड’ म्हणतात. निपाणीहून कोल्हापूर गाठावे आणि तेथून पुण्याची ‘एशियाड’ धरावी, हा पुष्कळांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. या नावाचा उगम मात्र फार थोड्यांस ठाऊक असतो. दिल्ली येथे १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात नववी आशियाई क्रीडास्पर्धा भरली. त्या वेळी खेळाडू व पाहुणे यांची ने-आण करण्यासाठी महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने खास गाड्या पाठविल्या होत्या. स्पर्धा आटोपली, गाड्या परत आल्या आणि नेहमीच्या प्रवाशांच्या सेवेत रुजू झाल्या. सोळा दिवसांच्या सोहळ्यासाठी तयार झालेली वस्तू पुढे सामान्य माणसाच्या रोजच्या उपयोगाची ठरली. स्पर्धेचे नावच तिला कायमचे चिकटले.

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे यजमानपद एखाद्या नगरास मिळते तेव्हा वृत्तपत्रांतून पदकांची, उद्घाटन सोहळ्याची व पाहुण्यांची चर्चा होते. परंतु त्या नगराने केलेल्या तयारीची खरी कसोटी पाहुणे परत गेल्यावरच लागते. ‘मागे काय उरले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले?’ हा प्रश्न ‘एशियाड’ गाडीच्या बाबतीत समाधानकारक रीतीने सुटला. सर्वच बाबतींत तो तसा सुटतो असे नाही. हा विषय आज प्रस्तुत आहे. दिनांक २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथील सभेत २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेचे यजमानपद अहमदाबाद नगरास देण्यात आले. १९३० साली कॅनडातील हॅमिल्टन येथे सुरू झालेल्या या स्पर्धेचे ते शताब्दी वर्ष आहे. तेव्हा अशी तयारी म्हणजे नेमके काय, आपल्या परिसरास तिचा पूर्वीचा अनुभव काय आणि पुढे आपला वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

यजमानपद कोण देतो, कोण घेतो

ही स्पर्धा कोणत्याही एका देशाच्या मालकीची नसते. राष्ट्रकुल स्पर्धा राष्ट्रकुलाच्या क्रीडा महासंघाची, आशियाई स्पर्धा आशियाई ऑलिंपिक परिषदेची आणि ऑलिंपिक स्पर्धा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची असते. यजमान होऊ इच्छिणाऱ्या नगराच्या वतीने त्या देशाची राष्ट्रीय ऑलिंपिक संघटना मागणी करते. शासन खर्चाची व सुरक्षिततेची हमी देते. त्यानंतर सभासद देशांचे प्रतिनिधी निर्णय देतात. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्ली आणि हॅमिल्टन यांच्यात अशीच चुरस होती. नोव्हेंबर २००३ मध्ये जमैका येथे मतदान होऊन दिल्लीची निवड झाली.

निर्णय झाल्यावर करार होतो. या करारान्वये मैदाने, निवास, वाहतूक, वैद्यकीय व्यवस्था, प्रक्षेपण इत्यादी प्रत्येक बाबीचे दायित्व यजमानांवर येते. मैदानाची मापे, धावमार्गाचा पृष्ठभाग, तलावाची खोली यांचे नियम त्या त्या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ ठरवितो. त्यांत स्थानिक सोयीनुसार फेरफार करता येत नाही.

सर्वच ठिकाणी हे दायित्व पेलते असे नाही. २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने स्वीकारली होती. परंतु खर्च आवाक्याबाहेर जात असल्याचे कारण देऊन त्या राज्याने जुलै २०२३ मध्ये माघार घेतली. मग ती स्पर्धा ग्लासगो नगराकडे सोपविण्यात आली आणि केवळ दहा खेळांपुरती मर्यादित करण्यात आली. वगळलेल्या खेळांत कुस्ती व नेमबाजी यांचा समावेश आहे. कोल्हापूर-निपाणी पट्ट्यातील तालमींचा व नेमबाजांचा विचार करता हा निर्णय आपल्या दृष्टीने दूरचा नाही. यजमान नगराच्या तिजोरीचे ओझे शेवटी कोणत्या खेळाडूच्या संधीवर पडते, याचे हे उदाहरण होय.

जत्रेच्या अनुभवावरून

ज्या गावाने जत्रा भरविली आहे, त्यास क्रीडास्पर्धेची तयारी समजण्यास अडचण पडू नये. जत्रेपूर्वी पंच बसतात, वर्गणी ठरते, विहिरीतील पाण्याचा अंदाज घेतला जातो, दिवाबत्तीची सोय होते, पै-पाहुण्यांच्या उतरण्याची व जेवणाची व्यवस्था लागते आणि कुस्त्यांच्या मैदानाची माती चाळून तयार केली जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हीच कामे असतात. त्यांचा आवाका मात्र अनेक पटींनी मोठा आणि मोजमाप अतिशय काटेकोर असते.

पहिले काम मैदानांचे. ॲथलेटिक्ससाठी चारशे मीटरचा कृत्रिम पृष्ठभागाचा धावमार्ग लागतो. खेळाडूंच्या पूर्वसरावासाठी जवळच दुसरा धावमार्ग असावा लागतो. पोहण्यासाठी पन्नास मीटर लांबीचा तलाव हवा. धावण्याच्या शर्यतीचा निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदविणारी विद्युत् यंत्रणा हवी. आखाड्यातील मातीऐवजी येथे कुस्ती गादीवर होते. त्यामुळे मातीत वाढलेल्या मल्लास पायांची ठेवण आणि डावांची गती दोन्ही नव्याने शिकावी लागतात.

दुसरे काम निवासाचे. खेळाडूंसाठी स्वतंत्र क्रीडाग्राम उभारले जाते किंवा असलेल्या वसतिगृहांचा उपयोग केला जातो. येथे पाण्याचा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. नागरी पाणीपुरवठ्याच्या प्रचलित मानकाप्रमाणे दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले, तर केवळ दीड हजार खेळाडू व पदाधिकारी यांसाठी दररोज दोन लाख लिटरांहून अधिक पाणी लागेल. स्वयंपाकघरे, तलाव व मैदानावरील हिरवळ यांचे पाणी त्याहून निराळे. हे पाणी कोठून येते आणि ते देताना कोणाचे कमी होते, याचा विचार नियोजनात आरंभीच व्हावा लागतो.

तिसरे काम वाहतुकीचे. खेळाडू ठरल्या वेळी मैदानावर पोहोचलाच पाहिजे. एका गाडीच्या विलंबाने त्याची चार वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते. चौथे काम वीज, आरोग्य व सुरक्षितता यांचे. वीजपुरवठा खंडित झाल्यास पर्यायी व्यवस्था तत्काळ सुरू व्हावी लागते. निषिद्ध औषधांच्या सेवनाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी लागते. पाचवे काम स्वयंसेवकांचे. भाषा जाणणारे, वाट दाखविणारे, धावपटूंना पाणी देणारे व उंच उडीची पट्टी पुन्हा जागेवर ठेवणारे शेकडो तरुण लागतात. त्यांपैकी बहुतेक विद्यार्थी असतात. ज्या नगरात शिस्तबद्ध विद्यार्थी उपलब्ध आहेत, त्या नगराची निम्मी चिंता येथेच मिटते.

बालेवाडीचा अनुभव

या सर्व बाबींचा आपल्याला सर्वांत जवळचा अनुभव पुण्याचा आहे. निपाणीवरून जाणारा पुणे-बेंगळूर महामार्ग उत्तरेकडे पुण्याजवळ पोहोचला की म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल त्याच्या कडेलाच लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने हे संकुल उभारण्यात आले. त्या वेळी हा भाग शहराबाहेरचा आणि शेतीचा होता. सुमारे दीडशे एकरांच्या जागेत मुख्य मैदान, जलतरण तलाव आणि विविध खेळांची दालने एकत्र बांधण्यात आली.

राष्ट्रीय स्पर्धा संपल्यानंतर चौदा वर्षांनी याच जागी तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा भरली. ही स्पर्धा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची असते. पहिली २००० साली एडिंबरो येथे व दुसरी २००४ साली ऑस्ट्रेलियातील बेंडिगो येथे झाली होती. पुण्यातील स्पर्धा १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात झाली. एकाहत्तर देश व प्रदेशांचे बाराशेंहून अधिक खेळाडू ॲथलेटिक्स, बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, नेमबाजी, जलतरण, टेबल टेनिस, टेनिस, भारोत्तोलन व कुस्ती या नऊ खेळांत उतरले. भारताने ३३ सुवर्णपदकांसह पदकतालिकेत पहिले स्थान मिळविले. दिल्लीतील २०१० च्या स्पर्धेची रंगीत तालीम म्हणून या स्पर्धेकडे पाहिले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुण्यास २००८ साली सर्व काही शून्यातून उभारावे लागले नाही. १९९४ साली घातलेल्या पायावर दुरुस्ती, नूतनीकरण आणि आवश्यक ती भर घालून भागले. पुढेही या जागेचा उपयोग होत राहिला. जुलै २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा येथे झाली, तर जानेवारी २०१९ मध्ये ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा भरली. एकदा केलेल्या खर्चाचा असा पुनःपुन्हा उपयोग होणे, हेच चांगल्या नियोजनाचे लक्षण होय.

परंतु बालेवाडीचे खरे फळ स्पर्धांच्या यादीत शोधू नये. ते माणसांत पाहावे. २००८ च्या स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकाविले. त्यांचे वडील शिक्षक आणि आई गावच्या सरपंच. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून ते पुढे आले आणि बालेवाडी येथील नेमबाजी केंद्रावर त्यांनी सराव केला. राधानगरीच्या डोंगराळ भागातील मुलास नेमबाजीसाठी लागणारी महागडी सामग्री व जागा घरच्या बळावर मिळणे कठीण होते. ती सार्वजनिक खर्चातून उभी राहिली आणि स्पर्धेनंतरही खुली राहिली, म्हणून पॅरिसचा मार्ग मोकळा झाला.

वेळेचा अपव्यय आणि त्याची किंमत

पुण्याचे उदाहरण दिल्यानंतर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिल्लीतील २०१० च्या स्पर्धेसाठी जवळजवळ सात वर्षांचा अवधी हाती होता. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ साली सादर केलेल्या अहवालात २००३ ते २००६ या काळाचा योग्य उपयोग झाला नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. २००३ साली मागणीपत्रात सुमारे १,२०० कोटी रुपये धरलेला अंदाज केंद्र व दिल्ली शासन मिळून १८,५३२ कोटी रुपयांपर्यंत गेला. पहिल्या अंदाजात अनेक बाबी धरलेल्याच नव्हत्या, हे त्याचे एक कारण. उरलेले कारण घाईचे. वेळ सरत आला की कामे वाटेल त्या दराने द्यावी लागतात आणि गुणवत्तेकडे दुर्लक्ष होते. उद्घाटनास दोन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा, २१ सप्टेंबर २०१० रोजी, मुख्य मैदानाजवळील बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले. घाईची किंमत सर्वांत आधी मजुरास मोजावी लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

गोव्याचा अनुभवही विचारात घ्यावा. पोर्तुगीज भाषेशी संबंध असलेल्या देशांची ल्युसोफोनिया क्रीडास्पर्धा तेथे नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हावयाची होती. मैदाने वेळेत तयार न झाल्याने ती पुढे ढकलण्यात आली व १८ ते २९ जानेवारी २०१४ या काळात पार पडली. विलंब झाला, तरी फातोर्डा, बांबोळी, नावेली, पेडे येथील मैदाने व दालने गोव्यास कायमची मिळाली. २०२३ साली सदतिसावी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरविताना गोव्यास त्यांचा उपयोग झाला. स्पर्धेत महाराष्ट्राने पदकतालिकेत पहिले स्थान मिळविले.

कर्नाटकाचे उदाहरण वेगळ्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी बेंगळूर येथील श्री कंठीरव मैदान नव्याने सज्ज करण्यात आले आणि कोरमंगल भागात खेळाडूंसाठी निवासस्थाने बांधण्यात आली. स्पर्धेनंतर ती नागरिकांस देण्यात आली व आज तेथे कुटुंबे नांदत आहेत. क्रीडाग्राम बांधताना भावी रहिवासी कोण, हे आधीच ठरलेले असले की इमारती ओस पडत नाहीत.

म्हणजे ज्या महामार्गावर निपाणी वसली आहे, त्याच्या उत्तरेस १९९४ ची बालेवाडी व दक्षिणेस १९९७ चे कंठीरव मैदान आहे. दोन राज्यांनी दोन राष्ट्रीय स्पर्धांच्या निमित्ताने उभारलेली ही दोन केंद्रे होत. आपला परिसर त्या दोहोंच्या मध्ये आहे.

सीमाभागाची जुनी पुण्याई

हा परिसर खेळांच्या बाबतीत रिता नाही. भारताने संघ म्हणून ऑलिंपिकमध्ये पहिले पाऊल टाकले ते १९२० साली, बेल्जियममधील अँटवर्प येथे. त्याची मुळे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत होती. तेथे अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि खेळाडू पाठविण्याचे ठरले. त्या लहानशा पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन शर्यत पूर्ण करून एकोणिसावे स्थान मिळविले. पुढे १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी पदरमोड केली होती. दिल्लीत २०१० च्या स्पर्धेतील कुस्तीच्या दालनास खाशाबांचे नाव देण्यात आले. पुणे-कराड-कोल्हापूर-निपाणी-बेळगाव या एकाच मार्गावर शंभर वर्षांत इतके खेळाडू घडले. त्यांपैकी पहिल्यांना मात्र स्वतःच्या पायांखेरीज व लोकांच्या मदतीखेरीज काहीही उपलब्ध नव्हते.

आज सोयी आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट ठाऊक असणे, एवढीच अडचण आहे. निपाणी तालुक्यातील विद्यार्थी कर्नाटक राज्याच्या शालेय स्पर्धांतून तालुका, जिल्हा, विभाग व राज्य या पायऱ्यांनी वर जातो. नदी-ओढ्यापलीकडच्या, कागल तालुक्यातील त्याचाच मावसभाऊ महाराष्ट्राच्या पायऱ्या चढतो. दोघांच्या तालमीतील माती एकच आणि वस्तादही कित्येकदा एकच. परंतु अर्ज, कार्यालय व योजना वेगळ्या. कोल्हापूरच्या शेजारी राहूनही निपाणीच्या मुलाने आपल्या राज्याच्या क्रीडा खात्याकडेच वेळेत अर्ज केला पाहिजे. ही साधी माहिती न मिळाल्याने एखाद्या मुलाचे वयच निघून जाते, आणि वयोगटाच्या स्पर्धेत गेलेले वर्ष परत येत नाही.

आपण काय करावे

शिक्षकांनी प्रत्येक गुणी विद्यार्थ्याचा जन्मदाखला, शाळेची नोंद व स्पर्धेतील कामगिरी यांची स्वतंत्र वही ठेवावी. युवा स्पर्धांत वयाचा पुरावा हीच पहिली चाळणी असते, आणि नोंदीतील चूक ऐन वेळी दुरुस्त होत नाही. कुस्तीत पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलास मातीबरोबर गादीचाही सराव मिळावा, याची वस्तादांनी काळजी घ्यावी.

तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी क्रीडांगणाचा खर्च मांडताना बांधकामासोबत देखभालीची तरतूदही मांडावी. कृत्रिम धावमार्ग काही वर्षांत झिजतो, तलावाचे पाणी रोज शुद्ध करावे लागते, दालनाचे छप्पर गळू लागते. हा खर्च ज्यांनी आरंभी धरला नाही, त्यांची मैदाने उद्घाटनाच्या कोनशिलेपुरतीच उरली. ग्रामपंचायतींनी गावच्या मैदानावर अतिक्रमण होऊ देऊ नये. बालेवाडीस जाण्यासारखे दहा खेळाडू गावात घडावेत असे वाटत असेल, तर शंभर मुलांना रोज धावण्याजोगी मोकळी जागा आधी गावातच हवी.

आणि ग्रामस्थांनी एक प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. कोठेही मोठी स्पर्धा जाहीर झाली की ‘पाहुणे गेल्यावर हे कोण वापरणार?’ असे विचारावे. हा प्रश्न विरोधाचा नव्हे. तो जत्रेच्या हिशेबासारखा, घरच्या माणसाने घरच्या खर्चाबद्दल विचारावयाचा आहे.

पुण्याहून निपाणीस व पुढे बेंगळूरकडे जाणारा महामार्ग आज ४८ या क्रमांकाने ओळखला जातो. उत्तरेकडे हाच क्रमांक मुंबई, सुरत व वडोदरा ओलांडून अहमदाबादपर्यंत जातो. २०३० साली तेथे धावणारी मुले आज शाळेच्या वरच्या वर्गांत आहेत. त्यांपैकी एखादे आपल्या तालुक्यातले असावे अशी इच्छा असेल, तर अहमदाबादेची तयारी तेथील अधिकाऱ्यांवर सोपवून आपण आपली तयारी येत्या जूनच्या शाळाप्रवेशापासूनच सुरू करणे इष्ट होय.